सॅटचा स्कोअर कोणत्या कॉलेजला पाठवायचा, कोणत्या नाही : बारावीनंतर अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांसाठी

"१४३० आलेत. पाठवू का?" ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न मला नात्यातून, सोसायटीतून, मुलीच्या मैत्रिणींच्या धाकट्या भावंडांकडून यायला लागतो. माझ्या मुलीने नाशिकमध्ये बारावी करता करता अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज केले. त्या काळात सॅटचा, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेचा, हा सगळा विषय आम्ही दोघींनी मिळून समजून घेतला, आणि तेव्हापासून दरवर्षी दोन-चार मुलांबरोबर मी पुन्हा त्यातून जाते. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य तेच सांगावं लागतं : नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर मिळत नाही. तोच १४३० एका कॉलेजला जरूर पाठवावा, दुसऱ्याला पाठवू नये, आणि तिसरं कॉलेज तो बघणारच नाही.

आपल्या मुलांना हे अवघड जातं, कारण सीईटी किंवा जेईई झाली की पर्सेंटाइल लागतो आणि त्यावरून यादी लागते. निकाल दाखवावा की झाकावा हा प्रश्नच आपल्याकडे नसतो. अमेरिकेतल्या अर्जात मात्र तो दर कॉलेजमागे नव्याने सोडवावा लागतो. पद्धत कळली की हे एका रविवारी दुपारी बसून होण्यासारखं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. नियम दरवर्षी बदलतात. खाली मी नावानिशी जी उदाहरणं दिली आहेत ती समजण्यासाठी आहेत. शेवटचा शब्द त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानाचा, आणि तोही तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी लिहिलेला.

बसण्याआधी हे जवळ घ्या

- कॉलेज बोर्डच्या (सॅट घेणाऱ्या संस्थेच्या) खात्याचा लॉगिन आणि आजवर दिलेल्या प्रत्येक सॅटच्या निकालाची पीडीएफ
- एसीटी (सॅटसारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा), एपी (कॉलेजच्या पातळीच्या एकेका विषयाची परीक्षा), टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो (इंग्रजीच्या परीक्षा) यांपैकी जे दिलं असेल त्याचा निकाल
- दहावीची मार्कलिस्ट
- पासपोर्ट
- कॉलेजांची यादी, प्रत्येकाच्या शेवटच्या तारखेसह
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड
- एक कोरी एक्सेल शीट. नसेल तर आखीव फुलस्केपही चालेल

१. यादीतली कॉलेजं आधी चार गटांत टाका

स्कोअर बाजूला ठेवा. आधी कॉलेजं बघा.

पहिला गट, परीक्षा सक्तीची असलेल्यांचा. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, जवळजवळ सगळ्यांनी सॅट-एसीटी ऐच्छिक केली होती. मग एकेक जण मागे फिरला. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच केलं. जॉर्जिया टेक आणि फ्लोरिडातली सरकारी विद्यापीठंही याच गटात येतात. इथे 'पाठवू का' हा प्रश्न नाही. 'कोणत्या तारखेचा पाठवू' एवढाच आहे.

दुसरा गट ऐच्छिक कॉलेजांचा, म्हणजे टेस्ट-ऑप्शनल. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं अजून इथेच आहेत. कोलंबियाने २०२३ मध्ये हे धोरण कायमचं केलं. शिकागो विद्यापीठ तर कोविडच्या आधीपासून, २०१८ पासून, ऐच्छिक आहे, आणि स्कोअरचा उपयोग विद्यार्थ्याचं नुकसान होईल असा करणार नाही असं ते स्वतःच सांगतं.

तिसरा गट, स्कोअर बघतच नाहीत अशांचा. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यांसह कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सगळे कॅम्पस यात आले. तिथे १६०० असले तरी प्रवेशाच्या निर्णयात ते धरत नाहीत. दरवर्षी कोणीतरी बर्कलीला पैसे भरून स्कोअर पाठवायला निघतं. त्यांना थांबवा.

चौथा गट लहान आहे, पण महत्त्वाचा. येलसारखी कॉलेजं काहीतरी परीक्षा द्या म्हणतात, पण ती सॅट, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणतीही चालते. येलमध्ये एपीचा रस्ता धरला तर अर्जाआधी दिलेल्या सगळ्या एपींचे निकाल दाखवावे लागतात. चांगले तेवढे निवडता येत नाहीत.

शीटमध्ये प्रत्येक कॉलेजपुढे गट लिहा. शेजारच्या रकान्यात आणखी एक गोष्ट टिपा : कॉलेज सुपरस्कोअर करतं (म्हणजे काय ते पुढच्या पायरीत सांगते), एकाच दिवसाचा उत्तम स्कोअर घेतं, की सगळेच स्कोअर मागतं. 'सगळे दाखवा' म्हणणारी कॉलेजं फार थोडी आहेत. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन त्यातलं सगळ्यांत ठळक. तिथे अर्ज करायचा असेल तर झाकायला काही उरत नाही. आणि हे तिसऱ्यांदा सॅट द्यायला बसण्याआधी माहीत असलेलं बरं.

२. स्वतःचे सगळे निकाल एका ओळीत मांडा

सॅटमध्ये दोन विभाग असतात : रीडिंग अँड रायटिंग, आणि मॅथ. प्रत्येकी २०० ते ८००, एकूण १६०० पैकी. नुसती बेरीज लिहू नका, दोन्ही विभाग वेगळे लिहा. एका मुलीचं उदाहरण घेते.

जून : इंग्रजी ६४०, गणित ७२०, एकूण १३६०.
ऑगस्ट : इंग्रजी ६९०, गणित ७८०, एकूण १४७०.
ऑक्टोबर : इंग्रजी ७४०, गणित ७५०, एकूण १४९०.

सुपरस्कोअर म्हणजे वेगवेगळ्या तारखांमधला प्रत्येक विभागाचा उत्तम आकडा घेऊन केलेली बेरीज. इथे ऑक्टोबरचं इंग्रजी ७४० आणि ऑगस्टचं गणित ७८०, म्हणजे १५२०. एकाही दिवशी हा आकडा आला नव्हता, तरी सुपरस्कोअर करणारं कॉलेज हाच धरतं.

आता कॉलेज बोर्डचा 'स्कोअर चॉइस' बघू. यात कोणत्या तारखेचे निकाल पाठवायचे ते तुम्ही ठरवता. पण तारीख पूर्ण जाते. ऑगस्टचं फक्त गणित आणि ऑक्टोबरचं फक्त इंग्रजी असं तोडून पाठवता येत नाही. म्हणून वरच्या मुलीने सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजला ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही पाठवावेत. एकाच दिवसाचा स्कोअर घेणाऱ्या कॉलेजला फक्त ऑक्टोबर. जॉर्जटाउनला तिन्ही. जून इतर कुठेच जाण्याची गरज नाही.

पालक इथे हमखास विचारतात, "ऑगस्टमधलं इंग्रजी ६९० त्यांना दिसेल ना?" दिसू शकतं. सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजात फायदा वरच्या आकड्याचा होतो, ६९० मुळे कोणी मागे पडत नाही. ३० गुण हातातून घालवायचं हे कारण नव्हे.

तसंच, पेपर वाईट गेला असं वाटलं म्हणून परीक्षेनंतर लगेच स्कोअर रद्द करायची सोय आहे, तिच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. रद्द केलेला स्कोअर परत मिळत नाही. नको असलेली तारीख स्कोअर चॉइसमुळे तशीही न पाठवता ठेवता येते. आणि पेपर कसा गेला याबद्दल त्या दिवशी मुलांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, विशेषतः आताच्या डिजिटल सॅटमध्ये. पहिला भाग चांगला गेला की दुसरा मुद्दाम अवघड येतो आणि मूल रडवेलं होऊन बाहेर येतं.

३. त्या कॉलेजचे आकडे शोधा

अमेरिकेतली बरीचशी कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. गुगलवर कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' एवढं टाकलं की बहुतेक वेळा पीडीएफ मिळते. पानं भरपूर असतात, तुम्हाला फक्त 'सी' विभाग हवा आहे.

सी-७ मध्ये कॉलेजने प्रत्येक घटकाला किती महत्त्व देतो ते सांगितलेलं असतं : शाळेतले मार्क, निबंध, शिफारसपत्रं आणि परीक्षेचे स्कोअरही. परीक्षेपुढची खूण 'अतिशय महत्त्वाचं' या रकान्यात आहे की नुसतं 'विचारात घेतो' या रकान्यात, ते बघा.

सी-९ मध्ये खरा माल आहे. प्रवेश घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी किती टक्क्यांनी सॅटचा स्कोअर पाठवला, किती टक्क्यांनी एसीटीचा, आणि त्यांचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर. २५ पर्सेंटाइलला १४४० आणि ७५ ला १५४० असेल, तर स्कोअर दिलेल्यांपैकी मधली निम्मी मुलं या दोन आकड्यांच्या मध्ये आहेत. पाव मुलं १४४० किंवा त्याखाली आहेत, तरी त्यांना प्रवेश मिळाला आहे. २५ पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ असं बरेच जण समजतात. ते तसं नाही.

शीटमध्ये प्रत्येक कॉलेजपुढे हे तीन आकडे आणि स्कोअर देणाऱ्यांची टक्केवारी लिहा. पुढच्या पायरीचा सगळा भार याच चार आकड्यांवर आहे.

एक खबरदारी. ऐच्छिक कॉलेजांत ज्यांचे स्कोअर चांगले तेच पाठवतात, त्यामुळे हे आकडे फुगलेले असतात. तुलनेसाठी त्याच कॉलेजचा २०१९-२० चा डेटा सेट उघडा, बऱ्याच ठिकाणी जुने जपून ठेवलेले असतात. तेव्हा बहुतेक कॉलेजांत सगळ्यांना परीक्षा द्यावी लागत होती आणि मधला आकडा बहुतेक ठिकाणी खाली दिसतो. आजच्या आकड्याने घाबरून गेलेल्या मुलाला हे दाखवलं की त्याचा खांदा थोडा सैल होतो.

४. ऐच्छिक कॉलेज : पाठवायचं की नाही

मी हे असं ठरवते.

तुमचा स्कोअर, सुपरस्कोअर चालत असेल तर तो, त्या कॉलेजच्या ५० पर्सेंटाइलइतका किंवा त्याहून वर असेल तर पाठवा. इथे चर्चा नको.

२५ पर्सेंटाइलच्या बराच खाली असेल तर पाठवू नका. त्या अर्जात निबंध, शिफारशी आणि मार्क यांनाच बोलू द्या.

प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे, २५ ते ५० च्या मधला, आणि २५ च्या जरासा खालचा. आपली बहुतेक मुलं इथेच अडकतात, आणि बहुतेक ठिकाणी सल्ला एकच मिळतो : ५० च्या खाली असेल तर झाका. मला हा सल्ला सरसकट पटत नाही. सांगते का ते.

अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. मुंबईतल्या आयबी शाळेतून दरवर्षी बरीच मुलं अमेरिकेला अर्ज करतात. त्या शाळेतले मार्क म्हणजे काय हे त्या खुर्चीतल्या माणसाला नीट ठाऊक असतं. आता लातूर, सांगली किंवा जळगावच्या ज्युनिअर कॉलेजातली मुलगी घ्या. स्टेट बोर्ड, दहावीला ९४ टक्के, अकरावीचे मार्क कॉलेजने हात आखडता घेऊन दिलेले, कारण आपल्याकडे अकरावी कोणी मोजतच नाही. त्या कॉलेजातून याआधी कोणी अमेरिकेला गेलेलंच नाही. अर्ज वाचणाऱ्याकडे तिच्याविषयी ओळखीचं असं मोजमाप एकच उरतं, तो सॅटचा आकडा. तोही झाकला तर तो अंदाज कशावरून बांधणार?

डार्टमथने फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा आपल्याच प्राध्यापकांनी केलेल्या अभ्यासाचा आधार दिला होता. कमी सोयी मिळालेल्या पार्श्वभूमीतली काही मुलं असे स्कोअर झाकत होती, जे पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता, हे त्यात दिसलं होतं. कारण स्कोअर हा विद्यार्थी कुठून आला, कोणत्या शाळेतून आला, हे धरून वाचला जातो. ती मुलं अमेरिकेतली होती, पण तर्क आपल्या लहान गावांतल्या मुलांनाही लागू पडतो असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मधल्या पट्ट्यात मी हे प्रश्न विचारते :

तुमची शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज त्या विद्यापीठाला ओळखीचं असण्याची शक्यता किती? कमी असेल तर पाठवण्याकडे झुका.

अर्जात एपी, ऑलिम्पियाड किंवा अभ्यासाची खोली दाखवणारं दुसरं काही आहे का? नसेल तर तोच झुकाव आणखी वाढतो. भरपूर असेल तर मधला स्कोअर झाकूनही चालतं.

कोणत्या विषयाला अर्ज आहे? कॉम्प्युटर सायन्सला अर्ज असेल आणि गणित ७९० तर एकूण आकडा जरा कमी असला तरी पाठवा. गणित ६६० असेल तर इंजिनिअरिंगच्या अर्जात तो आकडा बोचेल. इतिहास किंवा साहित्याला जाणाऱ्याने हेच इंग्रजीच्या विभागावरून बघावं.

स्कोअर देणाऱ्यांची टक्केवारी किती? सी-९ मध्ये सॅट आणि एसीटी मिळून पंचवीस-तीस टक्केच मुलांनी स्कोअर दिले असतील, तर न देणं तिथे अगदी सर्वसाधारण आहे. सत्तर टक्क्यांनी दिले असतील तर रिकामी जागा नजरेत भरते, विशेषतः परदेशातून आलेल्या अर्जात.

आणि शेवटचा, जो सगळे विसरतात : स्कॉलरशिप. कॉलेज ऐच्छिक असलं तरी तिथली मेरिट स्कॉलरशिप किंवा ऑनर्स प्रोग्रॅम ऐच्छिक असेलच असं नाही. काही सरकारी विद्यापीठं मार्क आणि स्कोअर यांच्या कोष्टकावरून फीमध्ये सवलत देतात. अ‍ॅलाबामा विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी स्कोअर न पाठवणं म्हणजे पैसे सोडून देणं. स्कॉलरशिपचं पान अ‍ॅडमिशनच्या पानापेक्षा वेगळं असतं. ते उघडून वाचा, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी काय लिहिलंय ते खास बघा.

मुलगा आणि पालक यांच्यात इथे मतभेद झाले, तर मुलाचं ऐका. अर्ज त्याचा आहे.

५. सॅट आणि एसीटी दोन्ही दिल्या असतील तर

एसीटी ३६ पैकी असते. दोन्हींची तुलना करणारं अधिकृत कोष्टक २०१८ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून काढलं आहे. त्यानुसार एसीटीचा ३३ म्हणजे सॅटचा १४५० ते १४८०, ३४ म्हणजे १४९० ते १५२०, ३५ म्हणजे १५३० ते १५६०. ज्याचा आकडा सरस, तो पाठवा. दोन्ही सारखेच असतील तर दोन्ही पाठवून काही साधत नाही. एक निवडा. कॉलेजांना दोघींपैकी कोणतीही सारखीच चालते.

६. एपी, इंग्रजीची परीक्षा आणि आपली दहावी-बारावी

एपी ५ पैकी असते. ५ आणि ४ अर्जात लिहा. ३ असेल तर कॉलेज किती निवडक आहे ते बघून ठरवा. २ आणि १ लिहायची गरज नाही, येलसारखी अट असेल तेवढं सोडून. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी एपी स्वतःच टाइप केलेल्या चालतात. अधिकृत निकाल ज्या एका कॉलेजला शेवटी जाणार त्यालाच पाठवायचा असतो, आणि तो वर्षातून एकदा, एका ठिकाणी, जूनमधल्या मुदतीपर्यंत फुकट जातो. लक्षात ठेवा, एपीचा अधिकृत निकाल पाठवला की सगळा इतिहास जातो. एखादा विषय रोखायचा असेल तर त्यासाठी वेगळी विनंती आणि फी लागते.

इंग्रजीच्या परीक्षेचं गणित निराळं आहे. तिथे किमान आकडा असतो आणि तो ओलांडला की काम झालं. तो सॅटसारखा तोलूनमापून झाकायचा नसतो. टोफेलमध्ये परीक्षेआधी चार ठिकाणं फुकट निवडता येतात आणि ती जरूर वापरा. डुओलिंगोचा निकाल हव्या तितक्या ठिकाणी विनामूल्य जातो. तुमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल तर बरीच कॉलेजं ही परीक्षा माफ करतात, आधी ते विचारा. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्यांनी परीक्षा देऊन टाकावी, प्रश्नच मिटतो.

कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटच्या, टेस्टिंग विभागात परदेशी विद्यार्थ्यांना एक लांबलचक प्रश्न येतो : तुमच्या देशात पुढच्या वर्गात जाणं सरकारी किंवा राष्ट्रीय मंडळाच्या शेवटच्या परीक्षांवर अवलंबून असतं का? तो आपल्यासाठीच आहे. उत्तर 'हो'. दहावीची बोर्ड परीक्षा दिलेली, बारावीची द्यायची. सॅट न पाठवणाऱ्याच्या अर्जात दहावीचे बोर्डाचे मार्क हीच बाहेरच्या संस्थेने तपासलेली एकमेव परीक्षा असते, म्हणून हे उत्तर घाईत भरू नका.

७. प्रत्यक्ष पाठवणं : पैसे कुठे वाचतात, कुठे अडतं

आधी बघा की अधिकृत निकाल आत्ता लागतोच का. एमआयटी, येल, स्टॅनफर्ड यांसह बरीच कॉलेजं अर्जाच्या वेळी स्वतः टाइप केलेला स्कोअर मान्य करतात. याला सेल्फ-रिपोर्ट म्हणतात. अधिकृत निकाल फक्त प्रवेश मिळून तुम्ही होकार दिल्यावर मागतात. एका कॉलेजला निकाल पाठवायला १५ डॉलरच्या आसपास लागतात. दहा कॉलेजं धरली तर बारा-तेरा हजार रुपये होतात, आणि त्यातले बरेचसे वाचण्यासारखे असतात. शीटमध्ये यासाठी वेगळा रकाना ठेवा : 'टाइप करून चालेल' किंवा 'अधिकृत हवा'. टाइप करताना आकडा तंतोतंत लिहा. नंतर येणारा अधिकृत निकाल त्याच्याशी जुळला नाही तर मिळालेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो.

फुकटच्या चार रिपोर्टांचा मोह आवरा. सॅटची नोंदणी केल्यापासून परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजं विनामूल्य निवडता येतात. पण निकाल लागायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे काय पाठवतोय हे न बघता पाठवणं. जॉर्जटाउनसारखं सगळंच मागणारं कॉलेज यादीत नक्की असेल तर ही सोय खुशाल वापरा. ऐच्छिक कॉलेजांसाठी वापरू नका.

नाव. आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण. बारावीच्या मार्कलिस्टवर 'पाटील सानिका राजेंद्र', पासपोर्टवर आडनावाच्या जागी पाटील आणि नावाच्या जागी 'सानिका राजेंद्र', शाळेच्या दाखल्यावर आणखी काही. कॉलेजचं कॉम्प्युटर नाव आणि जन्मतारीख जुळवून स्कोअर तुमच्या अर्जाला जोडतं. कॉलेज बोर्ड, कॉमन अ‍ॅप आणि टोफेल या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणे, एकाच तऱ्हेने नाव लिहा आणि एकच ईमेल वापरा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. ५ ऑगस्टची ८ मे होऊन बसली तर स्कोअर लटकून राहतो. कॉलेज बोर्डमध्ये एकाच मुलाची दोन खाती असतील, एपीसाठी शाळेने उघडलेलं एक आणि सॅटसाठी घरी उघडलेलं दुसरं, तर त्यांच्याशी संपर्क करून ती आधी एक करून घ्या.

कॉलेज निवडताना नाव पूर्ण वाचा. फ्लोरिडातलं युनिव्हर्सिटी ऑफ मायामी वेगळं, ओहायोतलं मायामी युनिव्हर्सिटी वेगळं. सेंट लुइसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आणि सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इलिनॉय किंवा विस्कॉन्सिनसारख्या नावाखाली अनेक कॅम्पस असतात, प्रत्येकाचा चार आकडी कोड निराळा. चुकीच्या ठिकाणी गेलेल्या रिपोर्टचे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका.

कार्ड. नव्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आदल्या दिवशी चालू करा आणि मर्यादाही बघा. शेवटच्या तारखेच्या रात्री पेमेंट अडकून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

वेळ. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या, अर्जांची तारीख बहुधा १ नोव्हेंबर असते, रेग्युलर म्हणजे नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. अधिकृत निकाल पोचायला आठवडा-दहा दिवस धरा. अर्लीसाठी ऑक्टोबरची सॅट बहुतेक ठिकाणी चालते. नोव्हेंबरची चालते का ते त्या कॉलेजला विचारावं लागतं. रेग्युलरसाठी डिसेंबरची सहसा शेवटची. जास्त पैसे घेऊन घाईने पाठवायची सोय आहे, पण अनेक कॉलेजं येणारे निकाल आपल्याच वेळापत्रकाने उघडतात, त्यामुळे ते पैसे बऱ्याचदा वाया जातात.

८. पाठवून झाल्यावर

अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेज एक पोर्टल देतं. तिथे कागदपत्रांची यादी असते आणि स्कोअरपुढे कितीतरी दिवस 'मिळालेला नाही' असंच दिसतं. हजारो अर्ज एकदम आलेले असतात. आठवडाभर थांबा. मग कॉलेज बोर्डच्या खात्यात रिपोर्ट गेल्याची तारीख बघा आणि ती लिहून कॉलेजला साधा, नम्र मेल करा. घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

कॉमन अ‍ॅपमध्ये दर कॉलेजच्या प्रश्नांत 'स्कोअर विचारात घ्यावा का' हे वेगळं विचारतात. त्याचं उत्तर आणि तुमची शीट जुळते ना, ते सबमिट करण्याआधी ताडून बघा. टेस्टिंगच्या विभागात एकदा भरलेला स्कोअर सगळ्या कॉलेजांना दिसतो, म्हणून ज्या कॉलेजाला दाखवायचा नाही त्याचा अर्ज पाठवण्याआधी तो तिथून काढावा लागतो, आणि पुढच्या अर्जाआधी हवा असल्यास परत भरावा लागतो. म्हणून अर्जांचा क्रम लावा : स्कोअर दाखवायचा ती कॉलेजं एका दिवशी, न दाखवायचा ती दुसऱ्या दिवशी.

निर्णय बदलला तर? बऱ्याच ऐच्छिक कॉलेजांत अर्ज वाचायला घेण्याआधी पोर्टलवरून किंवा मेल करून 'स्कोअरसह' किंवा 'स्कोअरशिवाय' हे बदलता येतं. मुदत प्रत्येकाची वेगळी असते. आणि अर्लीमध्ये नकार न मिळता अर्ज पुढे ढकलला गेला, डिसेंबरच्या सॅटमध्ये आकडा वर गेला, तर तो नवा स्कोअर पोर्टलवर ताबडतोब टाका. पुढे ढकललेल्या अर्जात नव्याने घालण्यासारखं फार थोडं असतं, आणि वाढलेला स्कोअर त्यातला सगळ्यात ठोस.